कौतुक आणि मान

'कौतुक' आणि 'मान' हे मराठीतील दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळ राहतात की त्यांची अनेकदा गल्लत होते. कौतुक आपण लहान मुलांचे करतो, पाहुण्यांचे करतो, दारी आलेल्या नंदीबैलाचेही करतो. कौतुकाला फारसे काही लागत नाही. दोन टाळ्या, दोन गोड शब्द, आणि कौतुक करणारा जिथे होता तिथेच राहतो. मानाची गोष्ट निराळी आहे. लग्नात मानपान असतो, पंगतीत मानाचे पान असते, जत्रेत मानकरी असतो. आणि मानकऱ्याचा हात लागल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. ज्याला मान द्यायचा त्याच्यासाठी जागा सोडावी लागते, त्याची वाट पाहावी लागते, त्याच्या शब्दावाचून आपले काम अडले आहे हे चारचौघांत मान्य करावे लागते.

हा भेद मनात ठेवून एक प्रश्न वाचकांपुढे मांडावासा वाटतो. आजकाल शाळांतून, अंगणवाड्यांतून आणि आपल्या धर्मग्रामांतूनही 'विविधतेतील एकता' मोठ्या उत्साहाने साजरी केली जाते. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी किंवा २६ जानेवारीला मुलांना निरनिराळ्या समाजांचे पोशाख घालून रंगमंचावर उभे केले जाते. कोणी पुठ्ठ्याची शिंगे डोक्याला बांधतो, कोणी मोरपिसे खोवतो, 'रेला'च्या चालीवर फेर धरला जातो, आणि पालक भ्रमणध्वनीवर छायाचित्रे टिपतात. यात वाईट काहीच नाही. मुलांचा आनंद खराच असतो. परंतु त्याच मंडपाच्या मागच्या ओळीत एखादे गोंड किंवा माडिया कुटुंब बसलेले असू शकते, ज्याच्या घरची भाषा शाळेच्या फाटकापाशीच थांबते. त्या कुटुंबाला त्या संध्याकाळी काय मिळाले, कौतुक की मान? आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मुलांनी काय शिकून घेतले?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वनप्रदेशात हा प्रश्न पुस्तकी नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार होती आणि तीत शेकडा ३८ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. एवढ्या लोकवस्तीत मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि हिंदी अशा सात भाषा बोलल्या जातात. त्या काही कोणी प्रदर्शनासाठी आणून ठेवलेल्या नाहीत. प्रत्येकीमागे इतिहास आहे. गोंडी येथे सर्वांच्या आधीपासून आहे. बल्लारपूर आणि चंद्रपूर ही नगरे गोंड राजांची. सिरोंचा गोदावरी आणि प्राणहितेच्या काठी आहे, म्हणून तिथे तेलुगू. कुरखेडा-कोरचीला छत्तीसगडची सीमा लागते, म्हणून तिथे छत्तीसगढी. पूर्व पाकिस्तानातून घरदार सोडून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६० च्या दशकात चामोर्शी-मुलचेरा भागात वसवण्यात आले, म्हणून तिथे दुर्गापूजा होते. देसाईगंज म्हणजेच वडसा येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव रात्र जागवतात. त्या झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली. चंद्रपूरच्या भूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली, आणि दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो. जिवतीच्या पहाडावर कोलाम राहतात, त्यांची कोलामी आणखी वेगळी. कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना, सिमेंट आणि वीजनिर्मिती यांनी केरळ, आंध्र, तामिळनाडू, बिहार येथील मजूर आणि कर्मचारी बल्लारपूर-चंद्रपूरला आणले. रविवारी आपल्या देवळात जी मंडळी शेजारी शेजारी गुडघे टेकतात, त्यांच्या आज्या पाच-सहा भाषांत अंगाई म्हणत होत्या.

तेव्हा आपल्याकडे विविधता आणावी लागत नाही. प्रश्न एवढाच आहे की ती मुलांना कशी दिसते.

मूल उपदेशातून फार थोडे शिकते. ते मोठ्यांचा चेहरा वाचते. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सर्व बाबतींत सारख्या होत्या, फरक फक्त रंगाचा. यांतील चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनीही गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. पुढे १९५४ साली काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचीही दखल घेतली. त्या मुलांना 'तू वाईट आहेस' असा पाठ कोणी वर्गात शिकवला नव्हता. रस्ता, दुकान, शाळा, मोठ्यांचा सूर यांतून तो पाठ त्यांच्यात आपोआप उतरला होता.

आपल्याकडे रंगाइतकेच भाषेलाही हे लागू पडते. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. तीन-चार वर्षांचे एखादे मूल पहिल्यांदा अंगणवाडीत येते, तहान लागल्यावर 'येर' मागते, आणि समोरच्या बाईंना तो शब्द कळत नाही, अशी कल्पना करा. मूल पुन्हा मागते; मग गप्प बसते. चार दिवसांनी 'हा बोलतच नाही' असे त्याच्याविषयी ठरते, चार महिन्यांनी 'मठ्ठ आहे' असे ठरते. मुलाच्या बुद्धीत काही कमी नव्हते आणि बाईंच्या मनातही काही वाईट नव्हते. तरीही एका मुलाने शाळेत शिकलेला पहिला धडा हा, की माझ्या आईने शिकवलेल्या शब्दाला इथे पाणी मिळत नाही. शेजारच्या बाकावरचे मराठी मूलही तो धडा शिकलेच, फक्त उलट्या बाजूने. वर्षअखेरीस त्या दोघांना एका रंगमंचावर नाचवून हा धडा पुसता येत नाही.

वसईच्या वाचकांना हे परके वाटू नये. घरात आजीशी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत तोच शब्द उच्चारते आणि वर्ग हसतो, हा अनुभव तिथल्या अनेकांना असेल. विदर्भात झाडीबोली बोलणारा मुलगा पुण्या-मुंबईला गेला की त्याचीही तीच गत होते. जी थट्टा आपल्याला बोचली ती दुसऱ्याच्या वाट्याला आपल्याकडून जाऊ नये, एवढी नीती कळायला फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

कायद्याच्या पुस्तकात हा मान लिहिलेला आहे. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, शक्य असेल तेथवर, मुलाच्या मातृभाषेतून शिकवण्यास सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचव्या इयत्तेपर्यंत, जमेल तिथे, घरच्या भाषेचा आग्रह धरते. परंतु 'शक्य असेल तेथवर' आणि 'जमेल तिथे' या शब्दांत पुष्कळ काही बुडून जाते. गोंडी बोलणारे देशात २०११ च्या गणनेनुसार तीस लाखांच्या घरात आहेत, तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही.

या परिस्थितीत धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने जे केले ते विचार करण्याजोगे आहे. २०१९ साली त्या गावाने स्वतःच्या बळावर लहान मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिचे नाव ठेवले 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. गोटूल म्हणजे गोंड गावातील तरुणांचे एकत्र येण्याचे घर. गाणी, नाच, गावाची रीत आणि जबाबदारी जिथे एक पिढी दुसरीला देते ती जागा. बाहेरच्या लोकांनी या घराविषयी पुष्कळ चवीने लिहिले आणि त्याहून अधिक नाक मुरडले. ज्या शब्दाला दुसऱ्यांनी हसून घेतले तोच शब्द गावाने शाळेच्या पाटीवर लिहिला. २०२२ साली शिक्षण खात्याने मान्यता नसल्यामुळे ही शाळा अनधिकृत असल्याची नोटीस दिली आणि ग्रामसभेला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

येथे दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. शाळेला नियम हवेत. मुलांच्या शिक्षणाची पातळी कोणीतरी तपासली पाहिजे. उद्या दवाखान्यात, तहसील कचेरीत, बाजारात मराठीवाचून चालणार नाही, हे खरेच. गोंडी आईबापांनाही ते ठाऊक आहे. आपल्या लेकराला मराठी येऊ नये असे म्हणणारे गाव या जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की नव्या भाषेच्या अंगणात जाताना घरच्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो, मोडावा लागत नाही. ज्या गावाने सरकारकडे काही न मागता स्वतःच्या मुलांसाठी शाळा उभी केली, त्याच्याशी बोलणे नोटिशीने सुरू व्हावे की भेटीने? कायद्याच्या दृष्टीने दोन्ही मार्ग मोकळे असतील. मानाच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

भेटीने सुरुवात केल्याची उदाहरणेही याच मातीत आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहू लागले, तेव्हा त्यांनी माडिया शिकून घेतली. औषध देणारा आधी विद्यार्थी झाला. त्यानंतर, १९७६ साली, तिथे मुलांची शाळा आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीजवळ रुग्णालय उभारण्याआधी गोंड लोकांनाच विचारले की दवाखाना कसा असावा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रोग्यासोबत आलेल्या घरच्यांना राहायला जागा हवी, असे लोकांनी सांगितले. म्हणून ते रुग्णालय खेड्यासारखे, घराघरांचे बांधले गेले, आणि त्याला नाव मिळाले मा दंतेश्वरीचे, लोकांच्या देवीचे. दोन्ही ठिकाणी संस्कृतीचा उत्सव म्हणून काही झाले नव्हते. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला आधी विचारले गेले, इतकेच. मान देणे म्हणतात ते हेच असावे.

आपल्या श्रद्धेच्या इतिहासातही या प्रश्नाचा उलगडा आहे. बाबेलच्या बुरुजाची कथा आपण मुलांना सांगतो, आणि भाषा अनेक होणे ही शिक्षा होती असा अर्थ मुले नकळत घेऊन जातात. मग पेन्टेकॉस्टच्या दिवसाची कथा त्याच दमात सांगायला हवी. यरुशलेमेत नाना देशांचे लोक जमले होते. पवित्र आत्मा उतरला तेव्हा त्या सर्वांना एक भाषा येऊ लागली, असे घडले नाही. प्रत्येकाला ते बोल स्वतःच्या जन्मभाषेत ऐकू आले. देवाला सर्वांनी एका भाषेत बोलावे असे वाटले असते, तर तो दिवस सर्वात सोयीचा होता.

याच पुस्तकात, थोडे पुढे, एक छोटी घटना आहे जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या भाविकांनी केली. प्रेषितांनी त्यांच्यासाठी सांस्कृतिक मेळावा भरवला नाही. त्यांनी वाटपाचे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडून घ्यायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाल्याची तक्रार होती त्यांच्यातील माणसांच्या हाती कोठीच्या किल्ल्या आल्या. विविधतेचा सन्मान कसा करावा, याचा याहून स्पष्ट पाठ मला ठाऊक नाही.

ख्रिस्तसभेने हा पाठ नेहमीच पाळला असे मात्र म्हणता येत नाही. फादर स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात आले, लोकांची भाषा इतक्या प्रेमाने शिकले की १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापून निघाले. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला, आणि १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नाकार्यातील देशी गाणी आणि रीतींवर बंदी घातली. केरळात १५९९ च्या उदयंपेरूर येथील धर्मसभेने संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांच्या कित्येक जुन्या चालीरीती लॅटिन वळणावर नेल्या. त्या दुखण्यातून १६५३ ची कूनन क्रूसाची शपथ उद्भवली, आणि समाज दुभंगला. पूर्वेकडील ख्रिस्तसभांचा मान पश्चिमेच्या बरोबरीचा आहे, हे १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने निःसंदिग्धपणे सांगितले.

हे सारे चांद्याच्या संदर्भात विशेष बोलके आहे. १९६२ साली चांदा मिशन केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे, तिच्या सी.एम.आय. धर्मसंघाकडे सोपवण्यात आले. केरळबाहेर त्या ख्रिस्तसभेला मिळालेले हे पहिले कार्यक्षेत्र. १९७७ साली चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. म्हणजे ज्या परंपरेने आपली उपासना आणि आपली रीत दुसऱ्याच्या साच्यात ओतली जाण्याचे दुःख शतकानुशतके सोसले, तीच परंपरा गोंडांच्या देशात आली. ज्याच्या घराचे दार एकदा कोणी न विचारता रंगवले, त्याने दुसऱ्याच्या घरी ब्रश घेऊन जाताना दोनदा विचार करावा, ही अपेक्षा रास्त आहे.

आता कठीण भागाकडे वळू. दुसऱ्याच्या संस्कृतीला मान द्यायचा म्हणजे तिच्यातले सारे काही चांगले म्हणायचे काय? गडचिरोलीतील अनेक गोंड आणि माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी घराबाहेर 'कुर्मा घरा'त राहण्याची प्रथा आहे. ही घरे बहुधा मोडकी. पाणी नाही, दिवा नाही, पावसाळ्यात सापविंचवाचे भय. अलीकडे काही गावांत चांगली बांधलेली घरे उभी राहिली आहेत, आणि त्यावरूनही वाद आहे: सोय करावी की प्रथाच मोडावी? सुधारलेले कुर्मा घर स्त्रीला सुखाची झोप देते, पण तिला बाहेर ठेवण्याची रीत पक्की करते. आज रात्री भिजणाऱ्या बाईला मात्र हा तात्त्विक वाद ऐकायला सवड नाही.

माझ्या मते अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ज्याला सोसावे लागते त्याचा आवाज सर्वांत आधी ऐकावा. येथे तो गावातल्या बाईचा आणि मुलीचा. दुसरी, बोलणाऱ्याने त्या गावाशी काही नाते कमावले आहे काय. दुरून केलेली टीका बहुधा स्वतःच्या समाधानासाठी असते. तिसरी, आपलेच अंगण झाडले आहे काय. दक्षिणेतील काही ख्रिस्ती दफनभूमींत जातीची भिंत आहे. लग्न ठरताना 'कोणत्या समाजाचे' हा प्रश्न आपल्याही घरांत खालच्या आवाजात विचारला जातो, आणि हुंडा नाव बदलून येतो. मानाचा अर्थ स्तुती नव्हे. मान देणारा माणूस प्रश्न विचारू शकतो, कारण तो स्वतःही प्रश्न विचारून घ्यायला तयार असतो.

शिकण्यासारखे तर पुष्कळ आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वांच्या सहमतीने घेते. एकाचे जरी पटले नाही तरी बोलणे चालू राहते. आपल्या धर्मग्राम परिषदांत हात वर करून मोजणी होते आणि हरलेले गट वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, हे पाहिले की मेंढ्याकडून धडे घेण्याची गरज कोणाला आहे ते कळते.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर आसपासच्या गावांच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच पहाडातून लोखंडाचे खनिज काढले जाते. रोजगार हवा हेही खरे आणि देवाचा डोंगर उरावा हेही खरे. याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण एक गोष्ट मुलांनाही समजते: ज्यांच्या नाचाला आपण टाळ्या देतो, त्यांच्या डोंगराविषयी बोलताना त्यांना विचारले गेले की नाही, हे विचारण्याचे ऋण त्या टाळ्यांबरोबर आपल्यावर येते.

पुष्कळ आईवडिलांच्या मनात याहून जवळची एक शंका असते. मुलांना दुसऱ्यांच्या सणांत नेले तर त्यांची स्वतःची श्रद्धा पातळ होणार नाही काय? ही शंका हसून घालवण्यासारखी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली इतर धर्मांतील जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये असे सांगितले, आणि त्याबरोबर आपली साक्ष सोडावी असे मुळीच सांगितले नाही. पाहुण्याचाही एक धर्म असतो. पाहुणा यजमानाच्या देवघरापुढे शांत उभा राहतो. तिथली पूजा स्वतः मांडत नाही आणि तोंडही फिरवत नाही. हा फरक पाच वर्षांच्या मुलाला सांगितला तर कळतो, कारण शेजारच्या घरी कसे वागायचे हे ते रोजच शिकत असते. ज्या मुलाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते, त्याला शेजाऱ्याच्या दिव्याचे भय वाटत नाही. ज्याच्या घरी काहीच होत नाही, त्याची श्रद्धा घरात बसूनही पातळ होते.

मग घरात आणि धर्मग्रामात काय करावे? गोष्टी साध्या आहेत, पण प्रत्येकीला काही ना काही किंमत आहे. कौतुकाहून मान वेगळा तो इथेच. मुलांच्या वर्गमित्रांची नावे बरोबर उच्चारायला शिकावे. सोयीसाठी कोणाचे नाव बदलू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाला 'पाणी', 'आई', 'ये' आणि 'दुखते' हे चार शब्द त्याच्या घरच्या भाषेत विचारून शिक्षिकेने वहीत लिहून ठेवावेत. बल्लारपुरात जन्मलेल्या मल्याळी मुलाने आजीला मल्याळममध्ये आणि शेजारच्या काकूंना मराठीत हाक मारावी. एकीसाठी दुसरी सोडावी लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. आपल्या दारी आलेल्या त्या मुलांना बोजारा द्यावा, आणि आपलीही मुले त्या रांगेत असावीत. शेतकऱ्याच्या बैलाचे उपकार सर्वांच्याच ताटात आहेत. माडिया आणि गोंड गावांत नव्या फळाचा 'पंडुम' असतो. गावाने मिळून तो सण केल्याशिवाय झाडाचा नवा आंबा कोणी खात नाही. अधीर मुलांच्या या काळात, सर्वांचे होईपर्यंत थांबायचे, ही शिकवण कोणत्याही ख्रिस्ती घराला साजेशी आहे. आगमनकाळात चार आठवडे नाताळची वाट पाहणाऱ्या मुलांना ती चटकन समजेल.

आणि धर्मग्रामाचा सण आला की पोशाखाच्या स्पर्धेआधी एक विचार व्हावा. गोंडी गाणे गायचे तर ते गोंड आजीने शिकवावे, तिला व्यासपीठावर खुर्ची असावी, आणि ते गाणे कोणत्या वेळी गातात व कोणत्या वेळी गात नाहीत हे तिलाच विचारावे. ती 'हे गाणे इथे नको' म्हणाली तर कार्यक्रमपत्रिका बदलावी. सणाच्या जेवणात काय शिजेल हे ठरवणाऱ्या समितीत तेलुगू, छत्तीसगढी, गोंड घरांतील बायका असाव्यात. वाढायला तर त्या असतातच. पाठवाचनाला, देणगीच्या हिशेबाला, परिषदेच्या बैठकीला कोण बसते याची यादी एकदा शांतपणे वाचावी. त्या यादीत एकाच भाषेची आडनावे असतील, तर आपला विविधतेचा कार्यक्रम कितीही रंगला तरी किल्ल्या अजून एकाच घरात आहेत.

मुले हे सारे पाहत असतात. आई दारी आलेल्या मोहफुलवालीशी कोणत्या सुरात बोलते, वडील कारखान्यातल्या बिहारी मजुराला 'तुम्ही' म्हणतात की 'तू', धर्मगुरू मागच्या ओळीत बसलेल्या कुटुंबापाशी जाऊन थांबतात की नुसती मान हलवून पुढे जातात, यांतून त्यांचा संस्कृतीचा पाठ रोज तयार होत असतो. त्या पाठाला सुट्टी नाही, परीक्षा नाही आणि बक्षीसही नाही. येत्या सणाला आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाने 'येर' म्हटले आणि त्याचा मराठी, मल्याळी किंवा बंगाली सोबती न विचारता पेला भरून घेऊन आला, तर तिथे कौतुक करायला कोणी उभे नसेल. मान मात्र दिला गेलेला असेल.